काकूंच्या मनगटावरचं घड्याळ

वारूळवाडीत आमच्या शेजारच्या काकू प्रत्येक सल्ल्यावर "बघू राव" म्हणायच्या आणि मनाचंच करायच्या. काका वारले, तेव्हा त्यांचं दुबईहून आणलेलं भारी घड्याळ मागं राहिलं. पट्टा कुजला होता.

मी म्हणालो, "घड्याळवाल्याकडून बदलून घेऊ. घरी केलं तर ओरखडा पडेल."

"पडू दे. घड्याळवाला इचारंल, कुणाच्या मापाचा? त्याला कशाला सांगू?"

गोधडीच्या सुईनं त्यांनी पट्टा अडकवणारी बारीक काडी दाबून काढली. ती उडाली, तशी ओट्यावर रांगत शोधली. नवा पट्टा बसवला आणि घड्याळ स्वतःच्याच, बांगड्या उतरवलेल्या मनगटावर बांधलं.

बाजाराला निघाल्या तशा गल्लीतल्या बायका कुजबुजल्या. काकूंनी घड्याळात पाहिलं.

"उशीर व्हतोय," म्हणाल्या आणि झपाझप चालू लागल्या.