बावीस घरांची खुर्ची

विलायतेला जायचं ठरत असताना माणसानं मध्येच भाज्याला जाऊ नये. गेलंच, तर निदान दुसऱ्याचा ओव्हरकोट घालून तरी जाऊ नये. मी ही दोन्ही पापं एकाच पौष महिन्यात केली.

मुंबईत समाजसेवेचं शिक्षण देणाऱ्या एका नव्या संस्थेत मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. परदेशातल्या एका विद्यापीठानं आमच्यापैकी एकीला वर्षभर शिकायला बोलावलं होतं आणि त्यांच्याकडची एक मुलगी आमच्याकडे पाठवली होती. जागा एक आणि उमेदवार दोन, मी आणि सुमती प्रधान. दोघींनी एकेका खेड्याची पाहणी करायची, अहवाल लिहायचा, आणि जिचा अहवाल सरस तिला बोटीचं तिकीट. सुमतीला अलिबागेकडचं एक कोळ्यांचं गाव मिळालं आणि मला मावळातलं भाजे.

आता खरं सांगायचं तर निवड होण्याआधीच मी आमच्या गिरगावातल्या चाळीत पेढे वाटून बसले होते. हौसच दांडगी! मग काय, बिऱ्हाडाबिऱ्हाडातून विलायतेचं सामान गोळा व्हायला लागलं. जोशीकाकांनी आपल्या भावाचा ओव्हरकोट दिला, समोरच्या काकूंनी मनगटी घड्याळ, मैत्रिणीनं बूट. कोटाच्या बाह्या चार बोटं लांब होत्या, त्या आईनं दुमडून टाचण्यांनी बसवल्या. बुटांत कापूस कोंबला. आता निवड झाली नाही तर मला चाळीचा जिना चढायला तोंड राहणार नव्हतं.

मावळात थंडी असते, तेव्हा सराव म्हणून मी तो कोट घालूनच गाडीत बसले. बरोबर परदेशातून आलेली ती मुलगी होती, मार्था. डेन्मार्कच्या कुठल्याशा बेटावरच्या शेतकऱ्याची लेक. उंच, लाल नाकाची आणि अतिशय कमी बोलणारी. तिच्या अंगात सुती झगा आणि पायात गिरगावात घेतलेल्या चपला. कर्जतला गाडीला मागून दुसरं इंजिन लागलं, घाट सुरू झाला, आणि मार्था खिडकीला नाक लावून बोगदे मोजू लागली. मी घामाघूम होऊन कोटाची बटणं मोजत होते.

लोणावळ्याला माझ्या आत्याकडे उतरलो. आत्यानं आम्हा दोघींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"यातली मडम कोणती गं?" तिनं विचारलं.

मी गाल फुगवले. मार्थाला काय झालं ते कळलं नाही, पण ती हसली. मग ती स्टेशनाबाहेरून आणलेली गुडदाणी (गूळ आणि शेंगदाण्यांची वडी) कडाकडा फोडत ओट्यावर बसली. आत्याला ती पहिल्या पाच मिनिटांतच पसंत पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मळवलीला उतरलो. स्टेशनापासून भाजे चालत जवळच. भात कापून झालं होतं, खाचरांत नुसते खुंट उरले होते, आणि समोर लोहगड नि विसापूर पाठीला पाठ लावून बसले होते. डोंगराच्या पोटात लेणी दिसत होती. मार्थाला आधी लेणी बघायची होती. मी म्हटलं, "दगड कुठे जात नाहीत. आधी माणसं." फार शहाणी होते मी तेव्हा.

गावातले जाणते म्हातारे, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते पारावर भेटले.

"ह्या बाई इंग्रजाच्या का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही आबा, डेन्मार्कच्या."

"ते कुटं आलं?"

"समुद्रापलीकडे. लय लांब."

"त्येंचं राज हाय का कुटं आपल्यावर?"

"नाही."

"मंग बसा की निवांत!" आबा म्हणाले, आणि त्यांनी मार्थापुढे पानाची चंची सरकवली.

मी कामाचं सांगितलं. बावीस घरं, चार दिवस. घरात काय खातात, बसायला काय, भांडी कसली, सगळं लिहून घ्यायचं. आबांनी मान डोलावली. "येक करा. कुनाच्या घरी कवा येनार, ते आदी सांगा. म्हंजी मानसं घरी ऱ्हातील." मला ही सूचना इतकी पसंत पडली की मी तिथल्या तिथे यादी मोठ्यानं वाचून दाखवली.

पहिल्या घरात सोप्यात (बाहेरच्या बैठकीच्या खोलीत) चक्क खुर्ची! डावा हात मोडलेला, पाठीची एक पट्टी काथ्यानं बांधलेली, पण खुर्ची ती खुर्ची. पाण्याला पितळी लोटा, आणि गरम भाकरीबरोबर वाटीत रवाळ तूप. मार्थाला खुर्चीवर बसवलं, तर ती खाली घोंगडीवर जाऊन बसली आणि खुर्ची मला मिळाली. दुसऱ्या घरातही खुर्ची. तिसऱ्यात, चौथ्यात, सगळीकडे खुर्ची, लोटा आणि तूप. मी हरखून गेले. लोक मावळाला गरीब का म्हणतात?

"सगळ्या खुर्च्या सारख्याच दिसतात," मार्था हळूच म्हणाली.

"एकाच सुताराच्या हातच्या," मी तिला समजावलं, आणि तसं वहीत लिहिलंसुद्धा. सगळ्यांचा डावाच हात का मोडतो, याचंही कारण मला सुचलं. माणसं उजव्या हातानं जेवतात, तेव्हा रेलतात ती डावीकडे! हेही लिहिलं. मार्थानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग ती खाली मान घालून भाकरी खाऊ लागली. तूप मात्र घरागणिक कमी होत चाललं होतं, आणि ते कमी करण्यात माझा वाटा मोठा होता. तिथं जेवते हे आत्याला सांगायची सोय नव्हती, म्हणून रात्री तिच्याकडे परत जेवायचे.

तिसऱ्या दिवशी तेराव्या घरापाशी पोचलो, तर घरधन्यानं आम्हाला अंगणातच धरलं. त्याच्या बैलाला काय झालं होतं, मग कुठला पाला दिला, मग बैल कसा उठला. बैल दोनदा उठून झाला तरी तो आम्हाला आत येऊ देईना. मागच्या बाजूनं धापा टाकल्याचा आवाज आला, काहीतरी आपटलं, आणि त्याचा चेहरा खुलला.

"या की आत! भायेर का हुबं ऱ्हायलासा?"

मी खुर्चीवर बसले आणि किंचाळून उठले. पाठीच्या काथ्यात एक टाचणी अडकली होती. माझ्याच कोटाच्या बाहीची, आईनं लावलेली, जी मागच्या घरात मी शोधून शोधून थकले होते. मी टाचणीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि परसदारी घाम पुसत उभ्या असलेल्या धोंडू नावाच्या गड्याकडे पाहिलं. या गड्याला मी प्रत्येक घरामागे पाहिलं होतं आणि गावात याला फार नातेवाईक दिसतात, असं मनाशी म्हटलं होतं.

बाहेर आल्यावर मी मार्थावर उखडले. "तेरा घरं आणि एक खुर्ची! माझा सगळा अहवाल पाण्यात! तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या घरात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला कधी कळतं ते बघत होते," ती म्हणाली, आणि तीन दिवस दाबून ठेवलेलं हसू तिनं एकदम सोडून दिलं. पोट धरून, बांधावर बसून हसली बया.

मला काही हसू येत नव्हतं. माझं बोटीचं तिकीट त्या मोडक्या खुर्चीवर बसून धोंडूच्या डोक्यावरून चाललं होतं. मी ठरवलं, थांबा लेकांनो, शेरास सव्वाशेर भेटलाय. चौथ्या दिवशी पारावर जाहीर केलं की आधी आबांच्या आळीला जाणार. धोंडू तिकडे धावला. मी मार्थाचा हात धरला आणि सरळ गावाच्या दुसऱ्या टोकाला, यादीतलं शेवटचं घर गाठलं. ते ठकूमावशीचं.

मावशी चुलीपुढे बसली होती. आम्हाला पाहून ती जी उठली ती तशीच उभी राहिली. घरात एक कणगी, चार गाडगी, दावणीला एक शेळी, आणि कोपऱ्यात बाजेवर तिची दिवस भरत आलेली सून. खुर्ची नाही, लोटा नाही, तूप नाही. मावशीनं एकदा दाराकडे पाहिलं. मग पदरानं तोंड पुसून ती हळू आवाजात म्हणाली, "आज तुमी हिकडं न्हवता येनार."

मी जिंकले होते. आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशीनं घोंगडी झटकली, दोनदा झटकली, आणि अंथरली. तेवढ्यात धोंडू डोक्यावर खुर्ची घेऊन धापा टाकत दारात आला, आम्हाला बसलेलं पाहिलं, आणि तसाच डोक्यावर खुर्ची घेऊन उभा राहिला. त्याच्यामागून लोटा हातात घेतलेले आबा.

"ठेव आता खाली," आबा त्याला म्हणाले. "गेली आब्रू."

"आबा, हे कशासाठी?" मी विचारलं.

"पाव्हन्याचं सामान हाय त्ये. साऱ्या गावात मिळून येक. कुनाची पोर बघाय मानसं येत्यात, कवा मामलेदार येतो. ज्याचा पाव्हना, त्याची खुर्ची. आमच्या आज्यापासनं असंच हाय."

"आणि तूप?"

आबांनी लोटा खाली ठेवला. मावशीच म्हणाली, "तूप व्हय? त्ये सुनंच्या बाळंतपनाला साठवल्यालं. गावानं इचारलं, म्या दिलं."

तेरा घरांचं तूप माझ्या घशाशी आलं. मावशी माझ्याजवळ सरकली, तिनं माझ्या कोटाची बाही हातात घेतली, उलटी केली, टाचण्या पाहिल्या आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"बाई, कोट कुनाचा हाय ह्यो?"

खोटं बोलायची ताकद नव्हती. "जोशीकाकांचा," मी म्हटलं. "म्हणजे त्यांच्या भावाचा."

"आन घड्याळ?"

"समोरच्या काकूंचं."

"पायतान तरी?"

"मैत्रिणीचं. आत कापूस आहे."

मग बाजेवरची सून तोंडात पदर कोंबून हसायला लागली, मग मावशी, मग आबा, आणि धोंडू तर खुर्चीवरच बसला. मावशी डोळे पुसत म्हणाली, "आगं बया! मंग आमची खुर्चीच का गं खुपली तुला?"

मी मार्थाला सगळं इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, त्यांच्या बेटावर दहा-बारा घरांत मिळून कपबशांचा एक चांगला संच आहे. बारसं असो की मयत, पाद्री ज्या घरी जाणार तिथे तो संच मागच्या दारानं जातो. पाद्रीबाबाला वाटतं, सगळ्यांची आवड एकच. मी हे मावशीला सांगितलं. मावशीनं मार्थाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "ही आपल्यातली दिसती." मग नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. तुपाचं कुणी विचारलं नाही.

परतताना मळवली स्टेशनच्या बाकावर मी वही उघडून बसले. तक्त्यात तेरा घरांपुढे तेरा खुर्च्या लिहिलेल्याच होत्या, त्या बावीस केल्या की तो सुरेख दिसणार होता. मुंबईहून खुर्च्या मोजायला कोण येणार होतं? अहवालावर मार्थाची सही लागायची. मी तिला विचारलं, "काय लिहू?"

"तू लिहिशील त्यावर मी सही करीन," ती म्हणाली आणि गुडदाणी खात बसली. असला राग आला तिचा! नको म्हणाली असती तर तिच्यावर ढकलता आलं असतं. गाडी येईपर्यंत मी कोटात हात घालून बसले. मग तो तक्ता फाडला आणि लिहिलं : खुर्ची एक, गावाची. आणि ती ओळखायला मला तीन दिवस लागले, तेही लिहिलं. सुतार आणि डाव्या हाताचं संशोधनही प्रामाणिकपणे नमूद केलं.

निवड समितीतल्या एका सभ्य गृहस्थांनी ते वाचलं आणि चष्मा काढून विचारलं, "जिला तीन दिवस एक खुर्ची ओळखता आली नाही, ती परदेशात काय ओळखणार?" प्रश्न रास्त होता. निवड सुमतीची झाली. मी दोन दिवस उशीत तोंड खुपसून रडले, कारण मला जायचं होतं, मनापासून जायचं होतं. तिसऱ्या दिवशी जिना चढले. चाळ मोठी समजूतदार. पेढ्यांचा विषय फक्त सात-आठ जणांनीच काढला.

कोट परत द्यायला गेले तेव्हा जोशीकाका म्हणाले, "त्या दुसऱ्या मुलीकडे आहे का गं कोट?" नव्हता. आईनं टाचण्या काढल्या आणि मी कोट सुमतीच्या घरी नेऊन दिला. सुमती उंच, तिला तो असा बसला की जणू मापानंच शिवलाय. संताप झाला माझा. आणि मग एकटीच हसत ट्रामपर्यंत आले. कोट विलायतेला गेला, मी राहिले.

फाल्गुनात पुन्हा भाज्याला गेले. या वेळी वही नव्हती. आत्याकडून तुपाचा डबा भरून घेतला होता आणि पायात स्वतःच्या चपला होत्या. ठकूमावशीच्या सुनेला मुलगी झाली होती. मावशीनं डबा उघडून वास घेतला आणि तो शिंक्यात ठेवला.

"कोट कुटं हाय?" तिनं विचारलं.

"विलायतेला गेला."

"आन तू?"

"मी हितं."

मावशी खळखळून हसली. तोवर परसातून धोंडू जाताना दिसला. त्यानं मला पाहिलं, हात वर केला. म्हटलं, आता सुटला हा आबांकडे खुर्ची आणायला. तेव्हा त्याला वेळ मिळावा म्हणून मी मुद्दाम अंगणात रेंगाळले. शेळीची विचारपूस केली, पायावर पाणी घेतलं, बाळ कुणावर गेलंय ते तीनदा विचारलं.

"आगं, भायेर काय करतीस?" मावशी आतून ओरडली. "खुर्ची न्हाई यायची आता तुज्यासाटी. ये, बस हितं."

मी आत गेले. मावशीनं घोंगडी झटकलीसुद्धा नव्हती. बाळ माझ्या मांडीवर टाकून ती भाकरी थापायला बसली.