पातळताईचा हात

तिला सगळे पातळताई म्हणत. अंगाने चांगली भरलेली, पण मेंदूचे काप घ्यावेत ते तिनेच. मेणात बसवलेला तुकडा यंत्राच्या पात्यावर चालवायचा, केसाहून पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि कुंचल्याने अलगद काचेवर घ्यायचे. बावीस वर्षं ती हेच करत होती, मोठ्या बाईंच्या प्रयोगशाळेत.

मोठ्या बाईंनी कंपवातापायी जन्म घालवला होता. मेंदूत खोलवर एक काळसर पट्टी असते. या आजारात ती फिकी पडते. हात थरथरायला लागेपर्यंत बरीचशी पट्टी गेलेली असते, असं बाई सांगायच्या तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. पुढे तेच लोक पातळताईच्या काचा बघायला आले.

एका सकाळी काप उचलताना तिचा कुंचला हलला. काप दुमडला. दुसराही दुमडला.

ती दार लावून काम करू लागली, चहा अर्धाच कप घेऊ लागली. साबण हुंगून बघायची, कारण या आजारात वास आधी जातो असं तिने ऐकलं होतं. साबणाचा वास यायचा, तरी खात्री पटायची नाही.

"हल्ली भाजी चिरायला मलाच का बसवतेस?" नवऱ्याने विचारलं.

"दिवसभर चिरूनच येते की मी."

तो खो खो हसला. तिला हसू येईना. डोळे मिटले की फिकी पट्टी दिसायची, आणि ती तिची स्वतःची असायची.

महिन्याभराने बाईंनी बोलावलं. टेबलावर वाया गेलेल्या सात काचा होत्या.

"कधीपासून थरथरतोय हात?"

तिला रडूच कोसळलं. "बाई, माझ्या डोक्यात आत काय झालंय ते मला दिसतंय."

"मला नाही दिसत, तर तुला कसं दिसेल? बस. हात मांडीवर ठेव. नुसता ठेव."

मांडीवर हात गप्प पडून राहिला. बाईंनी पाण्याचा पेला उचलायला लावला, पाणी हिंदकळलं. कागदावर गोल गोल वेढे काढायला लावले. रेघ थरथरली, पण वेढे मोठेच आले, आकसले नाहीत. मग तिला खोलीभर चालवलं.

"घरात आणखी कोणाला हे?"

"नाही." ती थबकली. "आईचा हात थरथरतो. पण ती भित्री भागूबाई. वडील फार तापट होते ना."

"किती वर्षं झाली?"

"चाळीस तरी. अजून माझ्यापुढे चालते."

बाईंनी सुस्कारा सोडला. "मग हा कंपवात वाटत नाही. त्यात हात नुसता ठेवला तरी थरथरतो, वेढे आकसत जातात. काम करताना सुटणारा, घराण्यात चालत येणारा कंप असतो, तो हा. डॉक्टरांनाही दाखवून घे. पण काप आता तुला जमायचे नाहीत."

आठवड्याने डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तशीच ती आईकडे गेली.

"आई, तू भित्री नव्हतीस ग. हा आजारच आहे. मलाही झालाय."

आईने आपले हात उलटसुलट करून पाहिले. "तुझ्या वडिलांना सांगायला हवं होतं कोणीतरी," ती म्हणाली. मग दचकून, "तुझं काम सुटलं का ग?"

"काप घेणं सुटलं. बाईंनी दुसऱ्यांचे काप तपासायला बसवलंय."

"मग बरंय."

"हो," पातळताई म्हणाली. तिला बरं वाटत नव्हतं, पण ती म्हणाली.