लाल चिंधीचा पाइप

नऊ जून. आज शेड रिकामी करताना जुने रबरी पाइप सापडले आणि त्यांतल्या तेलाच्या वासाने राखोलीचा माळ समोर उभा राहिला. नव्वदच्या आसपास तिथे कारखान्यांसाठी जमीन सपाट करायचं काम आमच्या ट्रॅक्टरला मिळालं होतं आणि दुसऱ्या दिवशी नवरा नोकरीसाठी मस्कतला निघणार होता. ट्रॅक्टर मी चालवायचे, पण मागच्या पात्याला तेलाचा दाब देणारे दोन पाइप जोडणं तेवढं शिकायचं राहिलं होतं. "आधी इंजिन बंद कर, मग लिव्हर पुढेमागे करून दाब जाऊ दे," तो म्हणाला. उजव्या पाइपला त्याने माझ्या जुन्या साडीची लाल चिंधी बांधली. "अदलाबदल केलीस तर पातं उलटं वळेल. मग मला तिकीट बदलून दोन दिवस थांबावं लागेल, डायवरबाई." मी पहिल्याच खेपेला बरोबर जोडले. "झालं, मी मोकळा," असं म्हणून तो बराच वेळ हात पुसत राहिला. दीड वर्षाने तो तिकडेच वारला. त्या दिवशी पाइप जोडताना चुकायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. तो मस्कतला निघाला त्या सकाळी, त्याची बस सुटल्यावर मी माळावर गेले, पाइप मुद्दाम उलटे जोडले, पातं उलटं वळताना पाहिलं, मग ते नीट लावून कामाला लागले.