कपाटाच्या दाराची आतली बाजू

सकाळचे सव्वाआठ. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता आणि लेकीला नेमका आजच शाळेत रिकामा पुठ्ठ्याचा खोका न्यायचा होता. तेवढ्यात दारावर थाप पडली. थाप कसली, धडकाच. घंटा असताना दार बडवणारा माणूस आमच्याकडे एकच, माझा धाकटा दीर.

"वहिनी, खाली नेट गेलं!"

तळमजल्यावर त्याचं ऑफिस आहे. चौघं जण बसून इमारतींचे नकाशे करतात. त्या दिवशी अकरा वाजता परगावच्या एका शाळेच्या समितीला पडद्यावरून नव्या इमारतीत फिरवून आणायचं होतं. पाच महिने राबून केलेलं काम, आणि दाखवायला मिळणार फक्त चाळीस मिनिटं. हे काम हातचं गेलं तर चौघांतल्या दोघांना घरी बसावं लागणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"मोबाइलच्या नेटवर नाही का जमणार?" मी विचारलं.

"खाली एकच दांडी येते, तीही खिडकीबाहेर हात काढला तर! तो मोठा संगणक काय खिडकीला टांगू?"

मी गॅस बंद केला आणि तारताईंना फोन लावला.

तारताई मागच्याच गल्लीत राहतात. अठरा वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजात तारा जोडायच्या. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा वय सत्तेचाळीस. घरच्यांनी सांगितलं, आता आराम कर. तारताईंनी संगणक-जोडणीच्या वर्गात नाव घातलं. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबावं." तारताई पहिल्या बाकावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मग माझ्या लेकीला आत पाठवू का? ती बँकेत आहे." आता आसपासच्या पंधरा-वीस ऑफिसांच्या तारा त्यांच्या हातच्या आहेत.

"खोक्यावरचे दिवे किती लागलेत?" त्यांनी फोनवरच विचारलं.

"एकही नाही," दिराने माझ्या हातातला फोन ओढून घेत सांगितलं.

"वास?"

त्याने फोन कानाला लावूनच खाली धाव घेतली. "जळका येतोय!"

"मग मॉडेम गेला. हात लावू नका, आलेच."

दहा मिनिटांत आल्या. हातात स्टीलचा जेवणाचा डबा. त्याच्या वरच्या पुडात पकड आणि पेचकस, खालच्यात तारांची टोकं. काखेत नवा मॉडेम, कारण एक जादा त्या घरात ठेवतातच. मॉडेम म्हणजे बाहेरची लाइन आत घेणारं खोकं. ते ऑफिसच्या भिंतीतल्या कपाटात असतं. आधी त्यांनी फक्त वीज देणारा अडॅप्टर बदलून पाहिला, उगाच चांगल्या खोक्याला बदनाम नको म्हणून. काही नाही. मग प्रत्येक तारेला चिकटपट्टीचा तुकडा लावून एक, दोन, तीन आकडे घातले आणि जुना मॉडेम अलगद बाहेर काढला. पोट काळं पडलेलं.

नवा बसला. पहिला दिवा हिरवा. दुसरा हिरवा. दीर जागच्या जागी उडी मारायच्या बेतात. तिसरा मात्र लाल तो लालच.

"त्याला कंपनीने दिलेलं नाव आणि पासवर्ड भरायला लागतो," तारताई म्हणाल्या.

दिराने कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं पेटीचं संगीत ऐकल्यावर उत्तर आलं की जोडणी आधीच्या भाडेकरूच्या नावावर आहे, त्यांनाच बोलायला सांगा. ते गृहस्थ कधीच देश सोडून गेलेले. तीन वर्षं बिल भरणाऱ्या दिराला नाव बदलून घ्यायचं कधी सुचलंच नव्हतं. घड्याळात पावणेदहा. तो मटकन खुर्चीत बसला.

तारताई मात्र हसत होत्या. "अहो, चेहरा काय पाडता? लाइन मीच जोडली होती ना! माझी सवय आहे, सगळं कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवते. एक्स्चेंजात कागदाला पाय फुटायचे. कपाटाचं दार कुठे जाणार?"

त्यांनी दार पूर्ण उघडलं. दार पांढरंशुभ्र, चकचकीत.

मागच्या महिन्यात ऑफिस झाडताना त्या दारावर मला निळ्या रेघोट्या दिसल्या होत्या. कुणा पोराने गिरगटल्यात असं वाटून मीच, मोठ्या हौसेने, उरलेला रंग त्यावर फिरवला होता. वर दिराकडून कौतुकही करून घेतलं होतं.

"तारताई," मी म्हटलं, "तो रंग मी दिलाय."

दिराने माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

तारताई दाराजवळ गेल्या आणि डोळे मिटून बोटं फिरवायला लागल्या. "किती हात दिलेत?"

"एकच. रंग संपला."

"देव पावला! माझा हात फार जड हो. शाळेत एका पानावर लिहिलं की खालच्या चार पानांवर उमटायचं, बाई वही फेकायच्या. साहेब, नकाशाचा तो आरपार दिसणारा कागद आहे ना? आणि मऊ पेन्सिल?"

नकाशेवाल्यांकडे त्याला काय तोटा! कागद दारावर ताणून धरला दिराने. पेन्सिल तारताईंनी माझ्या हातात दिली. "पाप तुमचं, वहिनी, तुम्हीच फेडा. शिसं आडवं धरा, दाबू नका."

लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो, तशी मी घासत गेले. करड्या पट्ट्यात एक पांढरी रेघ उगवली, मग गोलाई, मग चक्क अक्षर! "आलं! आलं!" दीर ओरडला आणि कागद सुटता सुटता राहिला.

शेवटचा आकडा एक की सात, ह्यावर आमचं दोघांचं भांडण जुंपलं. तारताईंनी चष्मा वर केला. "मधे आडवी दांडी आहे. सात. एक्स्चेंजात एकाचा सात झाला की भलत्याच घरी घंटा वाजायची, तेव्हापासूनची दांडी आहे ही."

भरलं. तिसरा दिवा लाल. लाल. मग विझला. आणि हिरवा!

नकाशेवाल्या चौघांनी जो काही आरडाओरडा केला, त्याने वरच्या मजल्यावरून हे एका पायात मोजा घालून खाली आले. अकराला पाच मिनिटं असताना समितीचे चेहरे पडद्यावर होते. पावणेबाराला दीर बाहेर आला तो नाचतच. अध्यक्षबाईंनी जिन्याजवळच्या वाचनाच्या खोलीत दोनदा फिरवून आणायला लावलं होतं आणि काम ह्या चौघांनाच द्यायचं ठरवलं होतं.

तारताई आमच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसल्या होत्या. दीर आत आला आणि हात जोडून म्हणाला, "तारताई, आज काय मागाल ते देतो."

त्यांनी कप खाली ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडे वळल्या.

"वहिनी, आत्ता दारावर सगळं परत लिहून आलेय. तेवढी आतली बाजू रंगवू नका."