आईची स्टील लाईफ

चित्राबद्दल लिहून राह्यलो म्हटल्यावर तुमी डोंगर, नदी, मोराची वाट पाहत असान. नाई भेटत. या चित्रात एक डबा, एक तांब्या, दोन वांगे अन् अर्धी भाकर हाय. पटत असन त वाचा.

ताई तवा दहावीत, मी आठवीत, बेला गावच्या एकाच शाळेत. ड्रॉइंगचे सर मंचेरियलचे, मराठी बोलत पन तेलुगूच्या चालीत. त्यायनं दहावीच्या पोरायले सांगतलं, "घरून स्टिल लाईफ काढून आना. चांगलं आलं त गॅदरिंगले भितीवर लावतो." झालं, ताईले भितीशिवाय दुसरं काही दिसेना.

आईनं ऐकलं 'स्टील'. पितळेचा तांब्या मागं गेला, स्टीलचा पुढं आला. डबा राखेनं असा घासला का डोळे दिपले. ताई म्हने, "आई, स्टिल म्हंजे जे हालत नाई ते."

"मंग स्टील कुठं हालते?"

ताई काढाले बसली. मी बाबाचा चश्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन डब्यासमोर सर झालो, ओठ पुढं, मान वाकडी. "लाईट इक्कडून येते, सावली अक्कडे जाते." ताई हसली नाई, काढतच राह्यली.

चित्र पाह्यलं अन् मी चश्मा काढून जवळ वाकलो. ज्या डब्यातून मी रोज चिवडा चोरतो, त्याच्या पोटात आमची अख्खी सैपाकखोली वाकून बसली होती. वांग्याचा जांभळा रंग देठाजवळ कसा हिरवट होते, हे बाबाच्या मळ्यात इतके वांगे तोडून मले कधी दिसलं नव्हतं. अन् डब्याच्या मधोमध एक लांबोडं तोंड, चश्म्याचं.

"हे काऊन काढलं?"

"दिसते ते काढा, असं सर म्हनतात. तू दिसून राह्यला."

दुसऱ्या दिवशी सरायनं चित्र डोळ्याजवळ धरलं. मी ताईच्या वर्गाच्या दारात होतो.

"हा कोन?"

"माया भाऊ, सर."

"असा तोंड काऊन केला?"

ताईचा चेहरा उतरला. तिची भित हातची जाऊन राह्यली होती. मीच म्हटलं, "सर, ते तुमी हाय."

सरायनं चित्र भितीवर चिकटवलं, चारी कोपरे अंगठ्यानं दाबले, मंग मायाकडे वळले.

"एमिरा, काय रे? नक्कल केला, ठीक. पन मधी बसून लाईट काऊन अडवला? वांग्यावर सावली पडली, दिसते का? अक्का एवढा मेहनत केला, अन् तू मधी. गॅदरिंगले लोक विचारतील, सराले डब्यात कोन कोंबला? तवा तू इथं उभा राहून सांगायचा. मी नाई."