उमरेडला जाताना तापणारी गाडी

माझ्या गाडीत तापमानाचा दिवा लागला की मी आधी शेजारच्या सीटपुढे वाकून बघते. मुलं हसतात. त्यांना आमची जुनी गाडी कुठे ठाऊक आहे!

सत्तरच्या दशकातल्या त्या गाडीला माझ्या आईच्या माहेराचं वावडं होतं. नागपुरात ती मुकाट फिरायची, सावनेरला आत्याकडे जाऊन यायची. पण उमरेडच्या रस्त्याला लागून दिघोरी मागे पडली, खड्डे सुरू झाले, की तापमानाचा काटा टुणकन लाल पट्ट्यावर. कधी लगेच उतरायचा, कधी तिथेच ठाण मांडायचा.

बाबा बॉनेट उघडायचे. वाफ नाही, पाणी काठोकाठ. तरी इंजिन जाम होईल या धास्तीने ते गाडी माघारी वळवायचे. मिस्त्रीने रेडिएटर धुतला, इंजिनावरचं, काट्याला तापमान कळवणारं पितळी बटणही बदललं. त्याच्याकडे उभी असली की गाडी अगदी शहाण्यासारखी वागायची.

"तुमच्या बहिणीकडं जाताना बरी नाही तापत," आई म्हणायची. "सरळ सांगा ना, तुम्हाले यायचंच नाही."

मग आई एकटीच एसटीने जायची. जावई का आले नाहीत, हे आजीला काय सांगायचं याचा तिला घोर. गाडी तापते यावर तिचा स्वतःचाच विश्वास उरला नव्हता. मी तेव्हा कॉलेजात होते. मला दोघांचाही राग यायचा.

एकदा असाच काटा चढला. बाबा गाडी वळवणार, तेवढ्यात आईने पायाशी ठेवलेली टोपली उचलून फणकाऱ्याने मागे माझ्या मांडीवर आदळली. आजीसाठी संत्री आणि अनारशांचा पितळी डबा, चांगलं वजन होतं. आणि मला दिसलं, काटा खाली आला.

"आई, टोपली परत खाली ठेव."

ठेवली, काटा वर. उचलली, काटा खाली. बाबांनी तिच्या पायांपाशी डोकं घातलं. काट्याकडे जाणारी वायर तिथे लोंबत होती, घासून उघडी पडलेली. खड्ड्यांत टोपली पुढे सरकली की ती वायर पत्र्याला टेकायची आणि काटा चढायचा. आत्याकडे आई रिकाम्या हातानेच जायची, त्यामुळे तिकडे सगळं ठीक.

बाबांनी वायरला चिकटपट्टी गुंडाळली.

"मले वाटलं, तुम्हाले माझ्या घरचे नकोसे झाले," आई हळू म्हणाली.

"अवं, तुझ्या आईच्या हातची पाटोडी सोडून मी इथं बॉनेट काहून उघडत बसू?"

आई हसली नाही. डोळे पुसून तिने टोपली माझ्याकडून परत मागून घेतली आणि उमरेडपर्यंत मांडीवर धरून बसली. त्या प्रवासातलं तिचं ते ताठ बसणं मला अजून दिसतं. आज दोघंही नाहीत आणि मला त्यांची फार आठवण येते.

आजीने दारातच विचारलं, "सुधारली का जी गाडी?"

बाबांच्या आधी आईच बोलली.

"गाडी चांगलीच होती, आई. तुझ्या जावयालेही यायचंच होतं."