चार नंबरच्या बॅटरीचं पाणी

नाव: अप्पलसामी नायडू. वय: चौपन्न. हुद्दा: बॅटरी कक्ष परिचर, श्रेणी तीन. आस्थापनेचे स्वरूप: नैसर्गिक अतिशुद्ध पिण्याच्या पाण्याचे उत्पादन व निर्यात. कर्तव्ये: चार विद्युत फोर्कलिफ्टांच्या बॅटऱ्यांचे चार्जिंग, जलपूर्ती व निगा. अपघात: निरंक. गैरहजेरी: निरंक. ओळखीची खूण: डाव्या मनगटावर ॲसिडचा जुना डाग. स्वभाव: संशयी. शेरा: सदर कर्मचाऱ्याने सहकाऱ्यांवर विश्वास ठेवण्यास शिकावे.

हा तक्ता मीच भरला. मी डिस्पॅचचा कारकून. कंपनीत जे काम कोणाचंच नसतं ते माझं असतं. शेरा तेवढा माझा नाही, तो वरून आला. अपघात निरंक आणि मनगटावर ॲसिडचा डाग, हे कसं, असं मात्र वरून कोणी विचारलं नाही. तो डाग आमच्या कंपनीच्या आधीचा, जुन्या नोकरीतला. तिथे एक जण अप्पलसामीला म्हणाला होता, "बुचं घट्ट आहेत, मी बघितलीत." त्या दिवसापासून अप्पलसामीने माणसांच्या बघण्यावर विसंबणं सोडलं.

आमच्या या बेटावरच्या लंबासा गावात संशयी माणसांना तोटा नाही, पण त्यांचा संशय बहुतेक शेजाऱ्यांवर आणि जावयांवर खर्च होतो. अप्पलसामीचा वस्तूंवरही होता. चार्जरचा हिरवा दिवा लागला की तो ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घेऊन बॅटरीला विचारायला जायचा, खरंच भरलीस का. हायड्रोमीटर दोन होते, एकमेकांवर नजर ठेवायला. चार्ज होताना बॅटरीतून निघणारा वायू एका ठिणगीने खोली उडवू शकतो, म्हणून छताला पंखा होता. त्याच्या तोंडाशी अप्पलसामीने कागदाची पट्टी टांगली होती. पट्टी वर ओढली गेली तर हवा जाते. "पंखा ओरडतो म्हणजे काम करतोच असं नाही," तो म्हणायचा, "आपले साहेब बघा की." डोळे धुण्याच्या नळावर तो रोज सकाळी स्वतःचेच डोळे धुऊन बघायचा. काल चालला म्हणून आज चालेल, असं नळाने कुठे लिहून दिलंय? त्यामुळे त्याचे डोळे कायम लाल. नव्या माणसांना वाटायचं, हा रात्रभर यंगोना, आमचं मुळ्यांचं नशेचं पेय, पीत बसतो.

दीड वर्षापूर्वी चार नंबरच्या फोर्कलिफ्टसाठी नवी बॅटरी आली. फोर्कलिफ्टची बॅटरी नुसती वीज देत नाही, ती यंत्राच्या मागच्या बाजूचं वजनही असते. ती हलकी निघाली तर समोर बाटल्यांचं पॅलेट उचलताना यंत्र मागून उठतं आणि ड्रायव्हरसकट नाकावर येतं. बॅटरीवर वजनाचा पत्रा होता. अप्पलसामीने तो वाचला आणि बॅटरी ट्रकवर घालून भंगारवाल्याच्या काट्यावर नेली.

"अरे, त्याचा काटा कमी दाखवतो," मी म्हणालो. "तो विकत घेणारा माणूस आहे."

"म्हणून तर. कमी दाखवूनसुद्धा वजन भरलं, म्हणजे भरलं."

भरलं. मग त्याने ती साखळीने नाही, दोन टोकांना आकडे असलेल्या तुळईने उचलली, बॅटरीवर रबराची चटई टाकून, म्हणजे काही निसटून पडलं तरी तिच्या दोन्ही ध्रुवांना एकदम लागून ठिणगी उडायला नको. मदतीला आलेल्या सगळ्यांच्या अंगठ्या, घड्याळं, गळ्यातले क्रॉस एका बादलीत जमा झाले. केबलची कुठली बाजू कुठे, हे त्याने तीनदा तपासलं. बॅटरी बसल्यावर बाजूचा अडसर लावला आणि खांद्याने धक्का देऊन बघितलं, हलते का. हलली नाही. तरी त्याने बॅटरीकडे असं बघितलं की जणू ती आपण गेल्यावर हलणार आहे.

बादली धरून उभा होता रवुअमा. शनिवार-रविवारचा पहारेकरी, चर्चमध्ये प्रवचन सांगणारा, सहा फूट उंच. कंपनी ज्या झऱ्याचं पाणी भरते तो झरा याच्या कुळाच्या डोंगरातला. अप्पलसामीशी वीस वर्षांची दोस्ती. हा कसाव्याचे उकडलेले कंद आणायचा, तो रोटी आणि डब्यातल्या माशाचं कालवण. दोघं एकमेकांना 'तवाले' म्हणायचे. आमच्याकडे हे मेव्हण्या-मेव्हण्यांचं नातं, ज्यात वाटेल ते बोललं तरी रागवायचं नसतं. पहाऱ्याला फेरीत बॅटरी कक्ष उघडून पंखा बघावा लागतो, म्हणून अप्पलसामीने त्याला सगळे नियम स्वतः शिकवले होते.

यंदा चार नंबर दमायला लागली. सकाळी भरलेली बॅटरी दुपारच्या जेवणाआधीच मान टाकायची. आणि दर सोमवारी तिचा माथा ओला. अप्पलसामी खाण्याचा सोडा टाकायचा, ॲसिडचा फेस निघायचा, तो धुवायचा आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. कंपनीने नमुना तपासायला पाठवला. अहवाल आला: ॲसिड असायला हवं त्यापेक्षा कमी, आणि आत नको ते क्षार. म्हणजे कोणीतरी डिस्टिल्ड सोडून दुसरंच पाणी घातलंय. डिस्टिल्ड पाणी आमच्याकडे राजधानीहून, सुवाहून बोटीने येतं, वीस-वीस लिटरच्या कॅनमधून. गोदाम बघितलं तर अकरा कॅन भरलेले, सील न फोडलेले.

पत्र मीच टाइप केलं. तुम्ही पुरवलेले पाणी वापरले नाही असे दिसते. आपणास कामावरून का काढू नये, याचा खुलासा सोमवारपर्यंत करावा. चौपन्नाव्या वर्षी. पेन्शनला एक वर्ष बाकी, आणि लंबासात दुसरा बॅटरी कक्ष नाही.

अप्पलसामीने पत्र वाचलं, उलटं करून मागे काही लिहिलंय का बघितलं आणि म्हणाला, "अकरा कॅन उरले, कारण बॅटरीने पाणी मागितलंच नाही. सोमवारी बघावं तर आधीच भरलेली. कोणीतरी माझं काम करतंय."

"मग चांगलंच की."

"बाबू, फुकटात दुसऱ्याचं काम करणारा माणूस तू कधी बघितलास?"

मी नव्हता बघितला. कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं मलाही कळत होतं. त्याने खिशातून यादी काढली. पहिला चार नंबरचा ड्रायव्हर, दुसरा आमचे मॅनेजर हॅलोरन साहेब, तिसरं नाव माझं.

"मी?"

"तुझ्याकडे किल्ल्यांची वही असते. आणि तू फार सहानुभूती दाखवतोस."

"रवुअमाचं नाव नाही यात."

"त्याला मी शिकवलंय." हे त्याने अशा आवाजात सांगितलं की पुढे बोलायची सोय नव्हती.

शनिवारी दुपारी बाराला शिफ्ट सुटली. चारही यंत्रं चार्जरला लागली. अप्पलसामीने सगळ्यांदेखत छत्री उचलली, फाटकातून बाहेर गेला आणि मागच्या कुंपणाने आत आला. मला साक्षीदार म्हणून थांबवलं होतं. "मी एकट्याने बघितलं तर माझं कोण ऐकणार? आणि तू माझ्या शेजारी असलास, म्हणजे तूही नजरेखाली." आम्ही पॅलेटांच्या थप्पीमागे रोट्या खात बसलो. ऊन असं की पत्रे कडकडत होते. मी एकदा खोकलो, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं जणू मी कोणाला तरी खूण केली.

तीनच्या सुमारास एक भजन गुणगुणत कोणीतरी आलं.

रवुअमा. खांद्यावर खोका, त्यात आमच्याच कंपनीच्या बाटल्या. झाकण तिरकं बसलेल्या, विक्रीतून बाद झालेल्या. दाराशी त्याने घड्याळ काढलं. अंगठी काढली. गळ्यातला क्रॉस काढून हळूच खुंटीला लावला. ॲप्रन, हातमोजे, तोंडावर ढाल. पंख्याची पट्टी वर ओढली जातेय का बघितलं. चार्जर बंद केला, जरा थांबला. एकही पायरी चुकली नाही. मग बॅटरीची बुचं उघडून तो बाटलीमागून बाटली आत ओतायला लागला, अगदी काठापर्यंत. "पी गं बाई, पी. सोमवारी साहेब बघणार आहेत."

अप्पलसामीच्या हातातली रोटी तशीच राहिली. यादी त्याच्या खिशात होती आणि ती सगळीच्या सगळी चुकीची होती.

"तवाले."

रवुअमा दचकला नाही. ढाल वर करून हसला. "अरे, गेला नाहीस? बरं झालं. घे, तूही एक पी, थंड आहे."

"काय करतोयस तू?"

"तुझी अब्रू राखतोय. तू म्हातारा झालास, तवाले. दर शनिवारी पाणी अर्धं ठेवून जातोस. आतल्या प्लेटांच्या जेमतेम वर. बाकीच्या तीन जुन्या आहेत, त्यांच्याकडे कोण बघतंय? पण नव्या बॅटरीत पाणी कमी दिसलं तर साहेब आधी तुलाच धरणार."

"कमी ठेवतो कारण चार्ज होताना पाणी वर चढतं! काठोकाठ भरून चार्ज केलीस की ॲसिड उतू जाणार. चार्ज झाल्यावर भरायचं, आधी नाही. हे शिकवलं होतं मी."

"कधी?"

"शिकवणीच्या दुसऱ्या दिवशी. हजेरीवर तुझी सही आहे."

रवुअमाने जरा विचार केला. "दुसऱ्या दिवशी काकांची माती होती. सही भावाने केली असेल."

अप्पलसामीने माझ्याकडे बघितलं. हजेरीची वहीही माझ्याकडेच असते. मी पंख्याच्या पट्टीकडे बघायला लागलो.

"आणि पाणी?" तो रवुअमाकडे वळला. "डिस्टिल्डचे कॅन तिथे पडलेत."

आता मात्र रवुअमाचा चेहरा बदलला. "त्या कॅनच्या पाण्याला चव तरी आहे का? हे माझ्या आजोबांच्या डोंगराचं पाणी आहे. साता समुद्रापार लोक विकत घेऊन पितात. तुझ्यासाठी चांगलं तेच आणलं, आणि तू म्हणतोस ते वाईट?"

"वाईट नाही रे. बॅटरीला चव चालत नाही."

रवुअमा खोक्यावर बसला. अप्पलसामीने त्याला पत्र दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं, मोठ्याने, प्रवचनासारखं. खुलासा आता सोपा होता, एका ओळीचा. त्या ओळीत एक नाव लिहायचं होतं, बस्स.

"लिही माझं नाव," रवुअमा म्हणाला.

"तुझी नोकरी जाईल."

"मग तुझी जाऊ दे म्हणतोस?"

"मी काहीच म्हणत नाहीये. तू मला भरीस घालतोयस का, तेवढं बघतोय."

सोमवारी अप्पलसामी खुलाशाला गेला तो कॅन्टीनची किटली घेऊन. मागे रवुअमा, बोलावलेलं नसताना, रविवारच्या कोटात. मी इतिवृत्त लिहायला. हॅलोरन साहेब किटलीकडे बघून म्हणाले, "चहा नंतर."

"आत बघा साहेब." आत पांढऱ्या क्षारांचा जाड थर. "आपलं पाणी. चहाला उत्तम. हेच चार नंबरच्या पोटात बसलंय, आणि तिथे खरवडायला हात जात नाही."

"तुम्ही म्हणताय, आपलं पाणी अशुद्ध आहे?"

"मी काहीच म्हणत नाही. बाटली म्हणते." त्याने बाटली फिरवून साहेबांसमोर ठेवली. लेबलवर डोंगराच्या चित्राखाली अभिमानाने छापलं होतं: कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका, किती किती. लेबल मंजूर केल्याची सही हॅलोरन साहेबांचीच होती, हे त्यांनाही आठवलं असावं.

"ओतलं मी," रवुअमा उभा राहून म्हणाला. "माझं पाणी, माझे हात. ह्याला काही करू नका. ह्याला माहीतसुद्धा नव्हतं. संशय मात्र होता, तो ह्याला नेहमीच असतो."

साहेबांनी बाटली फिरवून लेबल पलीकडे केलं. त्यांचा चेहरा वाचायला कारकून असण्याची गरज नव्हती. खरं लिहावं तर कंपनीच्या दप्तरात नोंद होणार की कंपनीच्या पाण्याने कंपनीची बॅटरी मेली. रवुअमाला काढावं तर कारण द्यावं लागणार, आणि ज्या कुळाच्या जमिनीतून झरा येतो ते कुळ दुसऱ्या दिवशी ते कारण विचारायला फाटकाशी बसणार.

"पेन खाली ठेवा," ते मला म्हणाले.

मी ठेवलं. अप्पलसामी म्हणाला, "त्याला उचलायला सांगा साहेब. माझं पत्र कागदावर आलं होतं."

तेव्हा साहेबांनी एक ओळ सांगितली: बॅटरी क्रमांक चारची कार्यक्षमता कालमानानुसार घटली असून संबंधित कर्मचाऱ्याविरुद्धचे पत्र मागे घेण्यात येत आहे. अप्पलसामीने ओळ तीनदा वाचली, तारीख तपासली आणि प्रत मागून घेतली. मग दुसरी प्रत मागितली.

पुढच्या आठवड्यात रवुअमा कुळातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन अप्पलसामीच्या घरी आला. माफी मागायची आमची रीत आहे: यंगोनाच्या मुळ्यांची जुडी पुढे ठेवायची, मान खाली घालून बोलायचं, आणि समोरच्याने जुडीला हात लावला की विषय संपला. अप्पलसामीने हात लावला. मग जुडी उचलून वास घेतला. "मुळ्याच आहेत ना? मधे खोड नाही ना घातलं?" वडीलधारे हसायचं की रागवायचं हे ठरवत असताना पेय कालवलं गेलं. करवंटी हातात आल्यावर त्याने विचारलं, "पाणी कुठलं?"

"डोंगराचं."

त्याने रीतीप्रमाणे एक टाळी वाजवली आणि एका दमात करवंटी रिकामी केली.

चार नंबरला नवी बॅटरी आली; ती पुन्हा भंगारवाल्याच्या काट्यावर जाऊन आली. कक्षाला नवं कुलूप लागलं. दुसरी किल्ली रवुअमाकडेच असते. फक्त शनिवारी अप्पलसामी प्रत्येक सेलची पातळी मोजून लिहून ठेवतो आणि सोमवारी पुन्हा मोजतो.

त्यानंतर भरलेल्या तक्त्यातही आस्थापनेचे स्वरूप तेच आहे, नैसर्गिक अतिशुद्ध पिण्याच्या पाण्याचे उत्पादन व निर्यात. शेराही तोच आहे.

बॅटऱ्यांचं पाणी सुवाहून बोटीने येतं.